पाटी, भाकरी आणि प्रभुभोजन : महार-मांग ख्रिस्त्यांच्या देवानुभवाचा इतिहास

१

दलित चळवळीत ‘देव’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी उमटते. ती उमटावी हे रास्तच आहे. ज्या देवाच्या दारी चोखोबाला पायरीपलीकडे जागा मिळाली नाही, ज्याच्या देवळाचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले, त्या देवाशी आपले नाते उंबरठ्याबाहेरचेच राहिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ते नातेच तोडले आणि माणसाला माणसाच्या केंद्रस्थानी आणून बसवले. त्यानंतर जे दलित साहित्य जन्माला आले त्याने देवाला नकार दिला, आणि त्या नकारातून आपल्या आत्मभानाचे शब्द घडवले.

पण आपल्याच रक्तामांसाची एक शाखा या वाटेवर नव्हती. अहमदनगर, जालना, सोलापूर, कोल्हापूर या भागांतल्या महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून धम्मदीक्षेच्या शंभर वर्षे आधीपासून माणसे ख्रिस्ती झाली. तीही त्याच गावकुसाबाहेरची, त्याच वेठबिगारीत पिचलेली. त्यांनीही जुना देव नाकारला. मात्र ती देवाविना राहिली नाहीत. ‘देव माझ्याजवळ आहे, माझ्या घरात आहे, माझ्या ताटात आहे’ असे ती म्हणू लागली.

या माणसांचा इतिहास दोघांनी लिहिला. मिशनऱ्यांनी लिहिला तो आपल्या देशातल्या देणगीदारांना पाठवायच्या अहवालांत. तिथे हा माणूस बाप्तिस्म्यांच्या आकड्यातला एक आकडा झाला. सनातन्यांनी लिहिला तो शिवीच्या रूपात. तिथे तो ‘पोटासाठी बाटलेला’ झाला. हा माणूस ‘देव जवळ आहे’ म्हणतो तेव्हा त्याला नेमके काय जाणवत होते, हे दोघांपैकी कोणीही विचारले नाही. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न विचारायचा आहे. येथे कोणत्याही धर्माचा प्रचार करावयाचा नाही. ज्यांच्याकडे लेखणी नव्हती त्यांच्या जाणिवेचा इतिहास तपासावयाचा आहे.

२

हा प्रश्न प्रथम एका शाळकरी मुलीने विचारला. तिचे नाव मुक्ता साळवे. जात मांग. शाळा पुण्याची, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांची. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात ‘मांग महाराच्या दुःखाविषयी’ हा तिचा निबंध दोन भागांत छापला गेला. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मराठी मिशनचे पत्र, १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेले. महारमांगांच्या दुःखाला मराठी छापखान्याचे दार पहिल्यांदा उघडले ते एका ख्रिस्ती पत्राने, ही गोष्ट आपल्या साहित्याच्या इतिहासकारांनी लक्षात ठेवली पाहिजे.

मुक्ताचा निबंध हा देवाला घातलेला सवाल आहे. वेद ब्राह्मणांचे, त्यांना इतरांनी पाहूही नये असे असेल, तर आमच्यापाशी धर्मपुस्तक नाही हे उघड आहे. मग आम्ही धर्मरहित ठरलो. तर हे देवा, आमचा धर्म कोणता ते तूच सांग, असा तिच्या युक्तिवादाचा आशय आहे. इमारतींच्या पायांत तेलशेंदूर पाजून मांगमहारांना पुरले जाई, हे ती सांगते. आणि सांगते की आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसते.

या शेवटच्या ओळीपाशी थांबले पाहिजे. ब्राह्मणी परंपरेत देवाविषयीचा प्रश्न हा ब्रह्म, माया आणि मोक्ष यांचा प्रश्न असतो. मुक्ताच्या निबंधात तो बाळंतिणीच्या डोक्यावरच्या छपराचा प्रश्न आहे. देव असेल तर तो या छपराखाली असला पाहिजे. इथे तो नसेल तर वेदांत असून आमच्या कोणत्या उपयोगाचा? दलिताच्या देवानुभवाची कसोटी या मुलीने एकशे सत्तर वर्षांपूर्वी घालून दिली. मुक्ता ख्रिस्ती झाली असे येथे म्हणावयाचे नाही. तिचा प्रश्न मात्र पुढे ख्रिस्ती झालेल्या हजारो महारमांगांचा प्रश्न होता.

जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. पण ‘गुलामगिरी’त (१८७३) त्यांनी येशूला बळीराजाच्या परंपरेत आणून बसवले. म्हणजे येशू हा परदेशी साहेबांचा देव न राहता शूद्रातिशूद्रांच्या हरवलेल्या राजाचा भाऊबंद ठरला. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. एकाच घरात नवरा, बायको, मुलगा, मुलगी यांनी वेगवेगळे धर्म पाळावेत आणि तरीही प्रेमाने नांदावे, असे चित्र त्यात त्यांनी रंगवले आहे. धर्म ही जन्माने अंगावर पडणारी वस्तू नाही, माणसाने निवडायची गोष्ट आहे, हा विचार त्यामागे आहे. महारवाड्यातला जो माणूस बाप्तिस्म्याला उभा राहिला त्याने हा विचार कृतीत आणला होता. त्याच्या आयुष्यातली ती कदाचित पहिलीच निवड होती. त्याचे काम, त्याची जागा, त्याचे पाणी, त्याचे अन्न हे सारे जन्माआधीच ठरलेले होते.

३

अमेरिकन मिशनरी मुंबईला आले १८१३ साली. अहमदनगरला त्यांनी ठाणे केले १८३१ साली. आरंभी त्यांची नजर ब्राह्मणांवर होती. वरचे लोक आले की खालचे आपोआप येतील, असा हिशेब होता. हिशेब चुकला. थोडे उच्चवर्णीय आले आणि त्यांची नावे इतिहासात ठळक झाली. पण नगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून जो समूह आला तो महारांचा, आणि मागोमाग मांगांचा. जालन्याजवळ नारायण शेषाद्रि या ब्राह्मण ख्रिस्ती पाळकांनी १८६० च्या दशकात ‘बेथेल’ नावाची वसाहत वसवली, तिथे जमले ते मुख्यतः मांग. ‘बेथेल’ या हिब्रू शब्दाचा अर्थच मुळी ‘देवाचे घर’. ज्यांना गावात घर नव्हते त्यांच्या वस्तीला हे नाव मिळाले.

या माणसाला देव प्रथम भेटला तो पाटीवर. हे अलंकारिक विधान नाही. प्रॉटेस्टंट पंथाचा आग्रह असा की प्रत्येक विश्वासणाऱ्याने पवित्र शास्त्र स्वतः वाचावे. विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूरहून मराठी नवा करार १८११ सालीच छापला होता. म्हणजे धर्मग्रंथ होता, तो बोलीच्या जवळ येऊ पाहणाऱ्या भाषेत होता आणि तो वाचणे हे पाप नसून कर्तव्य होते. वेदाचा शब्द कानी पडला तर शूद्राच्या कानात शिसे ओतावे, असे जिथल्या धर्मसूत्रांनी सांगितले, तिथे कोणी येऊन महाराच्या पोराला म्हणतो की वाच, तू वाचल्याशिवाय तुझा धर्म पुरा होत नाही. या उलटापालटीचे मोल पुस्तकी पंडितांना कळणार नाही. गिरवलेले पहिले अक्षर आणि देवाचा पहिला स्पर्श ही त्या पोराच्या लेखी एकच घटना होती. म्हणूनच ख्रिस्ती महारवाड्यांत शाळा आणि प्रार्थनामंदिर पुष्कळदा एकाच छपराखाली राहिले, आणि आठवडाभर मुळाक्षरे शिकवणारा मास्तरच रविवारी उपासना चालवू लागला.

रविवारचेही तसेच. सात दिवसांतला एक दिवस विश्रांतीचा, तो देवाचा दिवस, ही कल्पना युरोपातल्या माणसाला सवयीची होती. येसकरपाळी करणाऱ्या महाराला ती क्रांतिकारक होती. त्याच्या दिवसाचा धनी गाव होता. पाटलाने हाक मारली की उठायचे, सांगावा घेऊन धावायचे, मेलेले जनावर ओढायचे, सरकारी अंमलदाराचे घोडे धरायचे. अशा माणसाला सांगितले गेले की एक दिवस तुझा आहे आणि तो तुला देवाने दिला आहे. वेठीला ‘आज येत नाही’ म्हणण्याचे बळ त्याला या दिवसाने दिले असेल, तर त्या नकाराला आपण अध्यात्म म्हणायचे की विद्रोह? त्याच्या जगण्यात हे दोन शब्द वेगळे नव्हते.

४

आता भाकरीचा प्रश्न. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, मग १८९६-९७ चा, मग १८९९-१९०० चा, ज्याला जुनी माणसे छप्पनचा दुष्काळ म्हणत. या काळात मिशनांच्या दारांत गर्दी झाली, अन्नछत्रे उघडली गेली, अनाथ मुले आश्रमांत घेतली गेली, आणि बाप्तिस्मे वाढले. तेव्हापासून ‘पोटासाठी बाटलेले’ हा शिक्का पक्का झाला.

हा आरोप कोण करतो हे आधी पाहावे. ज्याच्या कणगीत धान्य होते तो करतो. भुकेने मरणाऱ्याने आधी तत्त्वज्ञानाचा अभ्यास करावा आणि मग भाकरी घ्यावी, अशी त्याची अपेक्षा असते. दुसरे असे की नुसत्या भाकरीने कोणी भक्त होत नसतो. सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडून लाखो माणसांनी पोट भरले. त्यांनी विलायतेच्या राणीला काही देव मानले नाही. तेव्हा भाकरी कोणत्या हाताने आणि कशी दिली गेली, हे पाहावे लागते.

महाराला भाकरी नवी नव्हती. बलुत्याची, येसकरपाळीची शिळी भाकरी तो पिढ्यान्पिढ्या खात होता. पण ती वरून टाकलेली भाकरी होती. तिला विटाळाचे अंतर होते. ताट पुढ्यात ठेवून ‘बस, जेव’ म्हणणारे माणूस त्याने पाहिले नव्हते. ही दोन अक्षरी क्रियापदे ज्याला उभ्या आयुष्यात कोणी म्हटली नाहीत, त्याला ती पहिल्यांदा ऐकू आली तेव्हा त्यांत देवाचा आवाज आला असेल, तर त्याला लाचार म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीची मागणी आहे. भरल्या पोटाचा माणूस ती मागणी रूपक म्हणून म्हणतो. महारवाड्यात ती शब्दशः म्हटली गेली.

पंडिता रमाबाईंचे केडगावचे ‘मुक्ती’ याच दुष्काळांत वाढले. रमाबाई विदुषी, शास्त्री घराण्यातल्या. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली त्यांनी ‘शारदा सदन’ काढले ते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी, आणि तिथे त्यांचे आचार सांभाळले गेले. दुष्काळाने ही चौकट मोडली. रस्त्यावर मरू घातलेल्या मुली त्यांनी शेकड्यांनी आणल्या आणि त्या अनेक जातींच्या होत्या. एका आवारात त्या राहिल्या, जेवल्या, दळल्या, विणल्या. छापखान्यात त्या खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात बायबलचे नवे मराठी भाषांतर केले, ते अल्पशिक्षित बायाबापड्यांना कळावे एवढ्या साध्या भाषेत. १९२२ साली त्या वारल्या. भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले, आणि ते छापण्याचे काम मुक्तीतल्या स्त्रियांच्या हातांनी झाले. १९०५ साली मुक्तीत मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले. मुली रात्ररात्र प्रार्थना करीत, रडत, गात. त्याची हकीकत ख्रिस्ती जगात दूरवर पोचली. त्या भावावेगाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्याहून मोलाचा वाटतो तो खिळे जुळवणारा हात. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलीने धर्मग्रंथाचा शब्द स्वतः अक्षर-अक्षर लावून उभा करावा, याहून ईश्वरी सान्निध्याचा वेगळा पुरावा तिला कशाला हवा होता?

५

या देवानुभवाला मराठी शब्द दिले ते नारायण वामन टिळकांनी. १८६१ सालचा त्यांचा जन्म, कोकणातला; १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढचे बरेचसे आयुष्य नगर जिल्ह्यात गेले. आपण तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. पाश्चात्य चालीवरच्या भाषांतरित गीतांच्या जागी त्यांनी अभंग, ओवी, भजन आणले. त्यांच्या आधी आणि त्यांच्या काळात कृष्णराव रत्नोजी सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा रुजवली होती. महारवाड्याला टाळ, चिपळी, एकतारी नवी नव्हती. कबीर, चोखोबा, नाथपंथी भजने तिथे होतीच. त्या सुरांना नवा आशय मिळाला. आजही ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडले तर टिळकांची पदे त्यात आहेत आणि ती पाठ असलेली म्हातारी माणसे खेड्यापाड्यांत आहेत. देवळात ज्यांना प्रवेश नव्हता त्यांच्या घरात देव गाण्यावाटे आला. दळताना, पाणी भरताना, मूल निजवताना तो सोबत राहिला. जनाबाईला विठ्ठल दळू लागायचा, अशी आपली लोककथा आहे. हा वारसा ख्रिस्ती झालेल्या बाईने जात्यापाशी टाकून दिला नव्हता.

१९१७ साली टिळकांनी मिशनची चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोन्ही प्रकारच्या शिष्यांना तिथे जागा असावी, ही त्यांची कल्पना. १९१९ साली ते वारले. मिशनच्या पगारी व्यवस्थेत स्वदेशी ख्रिस्ती माणसाचे मन गुदमरते, हे त्यांना कळले होते. साहेब आणि ‘नेटिव्ह’ हा भेद चर्चच्या आतही होता, याची ती साक्ष आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हा मराठीचा ठेवा. नवऱ्याने धर्म बदलल्यावरही ही बाई काही वर्षे आपले सोवळे सांभाळून वेगळे शिजवून खात होती. मग तिने विचार केला की जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर मिळाले तशी तिने शिवाशिव टाकली, आणि बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर, १९०० साली. म्हणजे तिच्या बाबतीत जात आधी गेली आणि देव मागून आला. हा क्रम विलक्षण आहे आणि तिची प्रांजळ लेखणी तो लपवत नाही.

पण आपण दुसऱ्या बाजूनेही पाहिले पाहिजे. विटाळ टाकणाऱ्या हाताची गोष्ट मराठीत लिहिली गेली. ज्याच्या हातचे पाणी प्यायले गेले, त्या हाताची गोष्ट कुठे आहे? आपल्या हातून पाणी घेणाऱ्या पहिल्या ब्राह्मण बाईकडे पाहताना त्या महार ख्रिस्ती बाईच्या मनात काय झाले? ती घाबरली का, हसली का, की तिने मनात देवाचे नाव घेतले? महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती आत्मचरित्रांत गाजली ती प्रामुख्याने उच्चवर्णीयांची. त्यांना देवासाठी काही सोडावे लागले: घर, वतन, जात, मान. म्हणून त्यांची कथा त्यागाची झाली. दलित ख्रिस्ती माणसापाशी सोडायला काही नव्हते. त्याची कथा मिळण्याची आहे. आणि मिळण्याची कथा सांगणाऱ्याला जग लोभी म्हणते. ख्रिस्ती दलिताचे मौन समजून घ्यायचे तर हे कारण लक्षात घ्यावे लागेल.

६

आता या इतिहासाची काळी बाजू. ख्रिस्ती उपासनेतला सर्वांत पवित्र विधी म्हणजे प्रभुभोजन. एक भाकर मोडायची, एका प्याल्यातून प्यायचे. जातिव्यवस्थेच्या नेमक्या वर्मावर घाव घालणारा हा विधी आहे, कारण जात उभी आहे ती सहभोजनाच्या आणि सहविवाहाच्या बंदीवर. ज्या दिवशी महार आणि ब्राह्मण एका प्याल्याला ओठ लावतात, त्या दिवशी मनुस्मृती तिथल्या तिथे जळते.

प्रत्यक्षात ती सर्वत्र जळली नाही. दक्षिणेत चर्चमध्ये जातवार बसायच्या जागा राहिल्या, स्मशाने वेगळी राहिली. गोव्याच्या ख्रिस्त्यांत बामण, चार्डो, सुदीर हे भेद चारशे वर्षे टिकले. महाराष्ट्रातही महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यातली सोयरिकीची भिंत चटकन पडली नाही. आपल्याला खाली दाबणाऱ्याविरुद्ध आपण देवाला हाक मारतो, आणि आपल्याखाली कोणी असेल तर त्या देवाला गप्प बसवतो. ही व्याधी केवळ ख्रिस्त्यांची नाही. आपल्या सर्वांच्या वस्त्यांत ती आहे, हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

बाबासाहेबांनी हे सगळे पाहिले होते. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर इतर धर्मांप्रमाणे ख्रिस्ती धर्माकडेही त्यांनी चिकित्सक नजरेने पाहिले. १९३८ च्या आरंभी सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांचा आपल्या मनावरचा प्रभाव त्यांनी मोकळेपणाने सांगितला. त्याच भाषणात त्यांनी खडे बोलही सुनावले. दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात आहे. ख्रिस्ती समाजाने समाज म्हणून सामाजिक अन्यायाविरुद्ध लढा दिलेला नाही. महाराचा मुलगा ख्रिस्ती झाला की त्याची शिष्यवृत्ती जाते, पण त्याविरुद्ध कोणी आवाज उठवत नाही. धर्मांतरित ख्रिस्त्यांवरच्या आपल्या लेखनात ते याहून खोल गेले. अस्पृश्याला सांगितले जाते की तुझी अधोगती तुझ्या पापामुळे आहे. मग ज्या समाजरचनेने त्याला चिरडले तिच्याविरुद्ध लढण्याचे बळ त्याच्यात येणार कुठून?

ही टीका मर्मावरची आहे. देवाचे सान्निध्य जर माणसाला ‘तू पापी आहेस’ एवढेच सांगत असेल आणि ‘तुझ्यावर पाप झाले आहे’ हे सांगत नसेल, तर ते सान्निध्य त्याला बधिर करणारच. ख्रिस्ती दलितांतून या टीकेला उत्तर यायला वेळ लागला. १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी शूद्रांच्या ईश्वरविद्येची मांडणी केली आणि पुढे तिचेच ‘दलित ईश्वरविद्या’ या विचारात रूपांतर झाले. बायबलमधला सेवक-देव, शिष्यांचे पाय धुणारा येशू हा स्वतःच दलित आहे, हे तिचे सूत्र. देव आपल्यावर दया करायला वरून येत नाही. तो आपल्यातलाच, आपल्या कामातला, आपल्या अवहेलनेतला आहे. मुक्ता साळवेच्या प्रश्नाला मिळालेले हे एक उत्तर. ते पुरेसे आहे की नाही हे प्रत्येकाने ठरवावे. पण ते आपल्या माणसाने दिलेले उत्तर आहे.

७

चर्चने जात पुरती पुसली नाही, आणि राज्याने ती पुसली गेली असे गृहीत धरले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख दलितांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. १९८५ साली सूसाई या मद्रासच्या चर्मकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धर्मांतरानंतरही तीच सामाजिक विकलांगता तितक्याच तीव्रतेने टिकून आहे, हे सिद्ध झाले पाहिजे. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने हा दर्जा धर्माशी जोडू नये अशी शिफारस केली. २०२२ साली केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा नवा आयोग नेमला. महाराष्ट्रात या माणसांची गणना इतर मागासवर्गात होते.

या कायद्याने माणसाच्या अंतरात काय केले ते पाहावे. गावात तो महार, कागदावर ख्रिस्ती. अत्याचार होतो तेव्हा मारणारा त्याची जात पाहून मारतो. दाद मागायला जातो तेव्हा त्याला सांगितले जाते की तुला जात नाही. म्हणून काहीजणांनी दोन नावे ठेवली, एक शाळेच्या दाखल्यावरचे आणि एक मंडळीच्या नोंदवहीतले. ज्या देवाचे नाव उघड घ्यावे म्हणून आजोबाने गावाचा रोष पत्करला, त्याचे नाव नातवाला दाखल्यापुरते लपवावे लागते. देवाचे सान्निध्य रोजच्या जीवनात जाणवते का, हा प्रश्न या नातवाला विचारून पाहावा. त्याला रोज जाणवते ती जात; देव जाणवतो तो तिच्याशी झगडताना.

८

नवीन पनवेल हे सिडकोने वसवलेले उपनगर. सिडकोची स्थापना १९७० ची. त्या नियोजनात खाडीकाठच्या शेतजमिनींवर सेक्टर पडले आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून नोकरदार येऊन राहिले. त्यांत नगर-जालन्याकडची ख्रिस्ती कुटुंबे आहेत तशी विदर्भ-मराठवाड्यातली बौद्ध कुटुंबेही आहेत. अशा वसाहतींतला ख्रिस्ती माणूस प्रार्थनासभा भरवतो ती घराच्या दिवाणखान्यात. शास्त्रपाठ होतो, टिळकांचे एखादे पद होते, मग साक्षी होतात. मुलाची परीक्षा, आईचे आजारपण, थकलेला हप्ता, मिळालेली नोकरी, यांत देवाचा हात कसा दिसला ते सांगितले जाते. या साक्षींना हसू नये. ज्याच्या पणजोबाला स्वतःचा शब्द नव्हता तो चारचौघांत उभा राहून ‘माझ्या आयुष्यात असे घडले’ म्हणतो, यातही इतिहास आहे.

पण विचारले पाहिजे की या साक्षींत गटारात उतरणारा माणूस येतो का? खैरलांजी येते का? माझ्या घराला मिळालेले छप्पर ही देवाची कृपा असेल, तर ज्या बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नाही तिच्याबाबतीत तो देव काय म्हणतो? मुक्ताने विचारलेला प्रश्न दिवाणखान्याच्या दाराबाहेर राहिला तर आत जाणवते ती केवळ सुखवस्तूपणाची ऊब होय. महारवाड्यातल्या पहिल्या ख्रिस्त्याला पाटीत, भाकरीत, रविवारच्या विश्रांतीत, एका प्याल्यात जे जाणवले होते ते एकट्याचे नव्हते. ते वस्तीचे होते, म्हणून त्यात बळ होते.

पनवेलला दोन रस्ते फुटतात. एक घाट चढून पुण्याकडे जातो, जिथे मुक्ताची शाळा होती, आणि तिथून पुढे नगरकडे. दुसरा कोकणात उतरतो आणि महाडला पोचतो, जिथे १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला. दोन्ही रस्त्यांवरून चाललेली माणसे एकाच गावकुसाबाहेरून निघाली होती. एकाने पाण्यात बाप्तिस्मा घेतला, दुसऱ्याने पाण्यावर हक्क सांगितला. दोघांनाही त्या पाण्यात आपले मनुष्यत्व सापडले. आपण मात्र एकमेकांचा इतिहास वाचत नाही. बौद्ध कार्यकर्ता ख्रिस्ती दलिताला मिशनचा माणूस समजतो, ख्रिस्ती दलित जयंतीच्या मिरवणुकीपासून दोन हात दूर राहतो, आणि ज्याने दोघांनाही गावाबाहेर ठेवले तो निवांत असतो.

म्हणून विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी एक काम हाती घ्यावे. नगर, जालना, सोलापूरकडच्या जुन्या मंडळ्यांत बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्या आहेत, जीर्ण गीतपुस्तके आहेत, मिशनच्या शाळांचे हजेरीपट आहेत. नव्वदीला टेकलेली माणसे आहेत, ज्यांच्या आजीने पहिला बाप्तिस्मा घेतला. त्यांच्याकडे जाऊन बसावे आणि धर्मांतर का केले असे न विचारता, त्या दिवशी घरात काय शिजले, कोण जेवायला आले, गावाने पाणी तोडले का, आजी दळताना काय म्हणायची, हे विचारावे. या उत्तरांत त्यांचा देव सापडेल आणि आपलाही इतिहास सापडेल. कागद वाळवी खाते आहे आणि माणसे जात आहेत, तेव्हा हे काम पुढच्या पिढीवर टाकता येणार नाही.